वरच्या घराचा फाटा

निवृत्त झाल्यावर पोस्टमनमामा काही घरात टिकले नाहीत. भाचीच्या सायकल क्लबाला जंगलातल्या खडीच्या वाटा हव्या होत्या, आणि त्या डोंगरातली वाट न् वाट मामांच्या पायाखालची. जुन्या सायकलीवर महिनाभर भटकून त्यांनी नकाशा काढला: खडी कुठे सुटी आहे, ओढा कुठे आडवा येतो, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो.

पहिल्याच फेरीहून भाची तणतणत आली. "मामा, तो मधला फाटा कशाला घातलात? जीव काढणारा चढ, वर एकच घर, आणि पुढे रस्ताच नाही! आल्या वाटेने परत."

"घरात कोण होतं?"

"एक म्हातारे सुतार. आम्हाला सोडेचनात. पाणी दिलं, चाकं निरखली, पुन्हा कधी येणार म्हणून दहादा विचारलं."

"चढ झेपत नसेल तर उतरून ढकला," मामा खेकसले. "फाटा खोडायचा नाही."

"अहो, पण का?"

मामांनी नकाशाची घडी घातली.

"तीस वर्षं मी त्या फाट्याला न वळता सरळ पुढे गेलो. त्यांच्या नावाचं पत्रच कधी आलं नाही."