चाखल्याशिवाय पट्टी नाही

"थांब, आधी चव बघू दे," असं म्हणून काकू डबा उघडायच्या. मगच टीव्हीवर जाहिरात लागायची.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमच्या गल्लीचं केबल या काकू चालवत. गच्चीवर छत्री, बाल्कनीत यंत्रं, आणि पदर खोचून या इमारतीवरून त्या इमारतीवर वायर ओढणाऱ्या त्या. सिनेमाच्या खाली अक्षरांची एक पट्टी सरकायची. शेजारणींच्या मालाची जाहिरात तिच्यावर फुकट, पण चाखल्याशिवाय नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "माझा ब्लाउज कसा चाखणार?" काकू तो घालून अख्खी गल्ली फिरून आल्या.

खाडीवरची कोळीण सुकट आणायची. "काकू, बगा ना खाऊन, खारट नाय." पट्टीवर नाव लागलं की तिची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची. कितीतरी घरं त्या पट्टीवर चालत होती, तुम्हीही पाहिली असतील.

मग केबलची एक मोठी कंपनी आली. तिने आसपासचे केबलवाले एकेक करून गिळले. नवी चॅनेल तिच्याच मुठीत, त्यामुळे काकूंनाही ती तिच्याकडूनच घ्यावी लागली. एक दिवस कंपनीचा साहेब मसाल्याचं पाकीट घेऊन आला. मसालाही कंपनीचाच.

"यापुढे पट्टीवर फक्त आमचा माल."

"ठेवा. आधी चव बघू दे."

संध्याकाळी पट्टीवर आलं: 'कंपनीचा मसाला चाखला. रंग भरपूर, चव बेताची.'

गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मॅच ऐन रंगात असताना सगळे पडदे काळे झाले.

"मॅच बुडते हो काकू," म्हणत लोकांनी कंपनीचं कनेक्शन घेतलं. त्यांना तरी काय बोलू? कंपनीने दुसरं दार उघडं ठेवलंच नव्हतं. वायरी काकूंनी ओढलेल्या, गिऱ्हाईक काकूंनी जमवलेलं, आणि कंपनी त्यावर आयती येऊन बसली. याला धंदा म्हणतात म्हणे! मी दरोडा म्हणतो. पट्टीवर कंपनीचा मसाला, कंपनीचे पापड, कंपनीचं लोणचं. कोळीण विचारायला गेली, तर तिला टोपलीसकट जिन्यावरूनच परत पाठवलं.

काकू एका रविवारी वारल्या. गल्लीला कळावं म्हणून मी कंपनीत गेलो. "एक ओळ टाका हो. या वायरी त्यांनीच ओढल्यात."

"जाहिरातींचं ऑफिस उद्या उघडेल," तिथला माणूस मान वर न करता म्हणाला.

शेवटी कोळीणच जिने चढून दारोदार सांगत सुटली. "केबलवाल्या काकू गेल्या वो!" दारं उघडत होती, आणि आत टीव्हीवर पट्टी सरकत होती: कैरीचं लोणचं, आजच घ्या.