ओळखीचा कुत्रा

बॉनला मी थाई भाषेवर पीएचडी करत होते. पुण्याची मुलगी जर्मनीत जाऊन थाई कशाला शिकते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या हिवाळ्यात तर मलाही कळेनासं झालं.

थाईत 'मा याइ' म्हणजे मोठा कुत्रा, कुठलाही. मधे 'तुआ' घातलं की तो ठरावीक मोठा कुत्रा, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असलेला. हा 'तुआ' जनावरं मोजताना लावतात, आपण साबणाचे चार नग म्हणतो तसा. निदान माझं म्हणणं असं होतं, आणि अख्खा प्रबंध त्यावर उभा होता.

पुरावा म्हणजे माझी शेजारीण. थायलंडची, माझ्याच वयाची, नवऱ्यामागून बॉनला आलेली. दर बुधवारी ती विभागात यायची. मी चित्रं दाखवायचे आणि बजावायचे, की हे तू पहिल्यांदाच पाहतेयस असं समज आणि अनोळखी माणसाला सांग. उन्हाळ्यात मोठ्या कुत्र्याच्या चित्राला ती सरळ 'मा याइ' म्हणाली होती. दिवाळीच्या सुमारास त्याच चित्राला 'मा तुआ याइ' म्हणायला लागली. फिरवून फिरवून विचारलं तरी तेच. माझ्या डोक्याचा भुगा झाला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ही भरवशाची नाही, तिची सगळी उत्तरं काढून टाक. म्हणजे माझ्या एवढ्या कामावर पाणीच.

पुढच्या बुधवारी मी चिडूनच तिला विचारलं, की नक्की कोणतं उत्तर खरं.

"पहिल्यांदा पाहतेय असं कसं समजू?" ती जर्मनमध्ये म्हणाली. "या कुत्र्याला मी उन्हाळ्यापासून ओळखते. तूही ओळखतेस. आणि तुझ्याशी अनोळखी असल्यासारखं मला नाही बोलता येत."

म्हणजे माझा नियम बरोबर होता आणि तिची उत्तरंही. तरी ती उत्तरं फेकायचीच होती, कारण तेच ते चित्र दाखवून कुत्र्याशी तिची ओळख मीच करून दिली होती. हसावं की रडावं कळेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की यापुढे दर चित्राला नवा माणूस, तुला न ओळखणारा.

हे मी शेजारणीला कसं सांगावं याचा विचार करत जिना चढत होते, तर तीच दारात भेटली आणि बुधवारी किती वाजता येऊ म्हणाली. कामाला मला अनोळखी माणसं हवी होती, आणि बॉनमध्ये माझ्या ओळखीची ती एकटीच होती. मी तिला नेहमीची वेळ सांगितली.