ताईचा ताप

माझी मोठी बहीण डॉक्टर होती आणि ती मलेरियाने गेली. कुणी विचारलं तर मी अजूनही "आजारी पडली होती" एवढंच सांगते आणि विषय बदलते.

आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत होते, म्हणून रायपूरला आलो आणि चौबे कॉलनीत इथलेच झालो. कॉलेजात जायच्या आधीच ताईने कुठेतरी त्या डॉक्टरची गोष्ट वाचली होती, ज्याने मलेरिया डासामुळे पसरतो हे शोधून काढलं. भर उकाड्यात तो मायक्रोस्कोपसमोर बसून एकेक डास चिरायचा. पंखा हलवता येत नसे, वाऱ्याने डास उडून जायचे. शेवटी एका डासाच्या पोटात त्याला हवं ते सापडलं. जेवताना हे सगळं सांगून ताई म्हणाली, "मले पन हेच करायचं आहे."

आई वरण वाढत होती. "मच्छर कापशीन तू? झुरळ दिसलं त पलंगावर चढते पोट्टी!"

पण ती डॉक्टर झाली. रायपूरच्याच समता कॉलनीतला एक चांगला दवाखाना तिला बोलावत होता, तरी तिने बस्तरच्या जंगलाजवळचं सरकारी आरोग्य केंद्र मागून घेतलं. मी एकदा तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ती झाडाखाली बायका जमवून मच्छरदाण्या वाटत होती आणि त्यांना हिंदीतून तीच गोष्ट सांगत होती. एका म्हातारीने मध्येच विचारलं, "उस डॉक्टर को बुखार आया कि नहीं?"

"आया था, दाई," ताई म्हणाली; तिकडे आईला दाई म्हणतात. " उसको भी मलेरिया हुआ."

"तो जान के क्या फायदा?"

सगळ्या हसल्या. ताईही हसली. मग म्हातारीने जाळीत फार गरम होतं अशी तक्रार केली, तेव्हा मात्र ताई रागावली. "गर्मी सह लो. बुखार नहीं सहा जाएगा."

त्या वर्षी दिवाळीला ती आली तीच अंग तापलेलं घेऊन. प्रवासाची दगदग म्हणाली, गोळी घेतली आणि आईबरोबर चकल्या पाडायला बसली. आई म्हणाली, "दवाखान्यात दाखवून येऊ ना."

"मीच त डॉक्टर आहे, आई."

दुसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना. मला सिस्टर म्हणायला लागली, रक्ताच्या काचपट्ट्या मागायला लागली. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. तपासणारा डॉक्टर तिच्याच कॉलेजातला होता. "काल आणलं असतं तर..." एवढंच म्हणाला. पाडव्याच्या दिवशी ती गेली.

तिचं सामान आणायला मी बस्तरला गेले. खोलीत कपाटावर मच्छरदाणी होती, पाकीटसुद्धा न फोडलेली. मी तिथल्या नर्सकडे पाहिलं. ती रडायला लागली. "मैडम को जाली में घुटन होती थी, दीदी. बिजली रहती नहीं थी. हम टोकते थे तो कहती थीं, मरीजों को मत बताना."

मी तिच्या खाटेवर बसले. रडू आलंच नाही, इतका राग आला होता. कपडे पिशवीत कोंबले आणि निघाले.

घरी आई रोज एकच विचारायची, "तिले त सगळं मालूम होतं ना वं? मग काहून?" बरेच दिवस मी टाळलं. एका सकाळी ती मेथी निवडत असताना मच्छरदाणीचं सांगून टाकलं.

आईचे हात थांबले. ती म्हणाली, "लहानपणापासून तसीच होती. अंगावर काही ठेवे नाही. मी पांघरूण टाको, ते लाथेनं फेके. मी पुन्हा टाको." मग काड्या बाजूला करत म्हणाली, "तिथं कोन होतं टाकाले?"

त्यानंतर तिने तो प्रश्न कधी विचारला नाही. बाबा मात्र पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कुणालाही ताप आल्याचं कळलं की चप्पल घालून जातात आणि रक्त तपासलं का, विचारतात. लोक "हव, अंकल" म्हणतात. काही जण तपासून घेतात, काही घेत नाहीत.