सोमवारचे मौन

भर दुपारी फरझानाचा फोन आला. ‘सर, उज्जू गेली. हर्सूलच्या रोडवर टँकरनं उडवलं...’ टँकरला क्रमांकाची पाटी नव्हती, हे सायंकाळी कळले. पोलिसांनी अपघाताची नोंद केली. त्याला आता पाच आठवडे झाले. टँकर सापडलेला नाही.

उज्ज्वला माझी विद्यार्थिनी. फुलंब्रीकडच्या बौद्ध कुटुंबातील ही मुलगी संस्कृत घेऊन शिकू लागली, तेव्हा माझ्याच काही सहकाऱ्यांनी नाके मुरडली. ती हसून म्हणाली होती, ‘भाषा काय कुणाच्या बापाची नसती, सर.’ तिसऱ्या वर्षी तिच्याइतके स्वच्छ पठण वर्गात कुणाचेच नव्हते.

ती वर्षे अवर्षणाची. वसतिगृहाला पाणी टँकरने येई. टँकर महाविद्यालयाच्या अध्यक्षांचे, आणि त्यांवर देखरेख त्यांच्या पुतण्याची. पहाटे मुली बादल्या घेऊन मागच्या फाटकाशी उभ्या राहत. अशाच एका पहाटे, उज्ज्वला व फरझाना यांच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीवर त्या पुतण्याने बंद पंपघरात अत्याचार केला. तिचे नाव मी लिहिणार नाही. ‘मी त्या वेळी लासूर स्टेशनला होतो,’ असे त्याने सांगितले. मी मात्र त्याला पाहिले होते. पूजेसाठी कण्हेरीची फुले तोडायला मी त्या फाटकाशी गेलो होतो. तो पंपघरातून बाहेर पडला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

चौकशी समिती सोमवारी बसली. सोमवारी माझे मौन असे. कित्येक वर्षांत ते मोडले नव्हते. मी काय पाहिले, ते उज्ज्वला व फरझाना यांना सांगितले होते. दोघी मैत्रिणी दारात आल्या. ‘सर, चला ना. एक वाक्य बोललात तरी बास.’ मी पाटीवर लिहिले, ‘उद्या.’ फरझाना रडू लागली. उज्ज्वलेने पाटी वाचली, ओसरीवर ठेवली आणि तिला घेऊन निघून गेली. त्याच दुपारी समितीने पुराव्याअभावी चौकशी बंद केली. मंगळवारी मी प्राचार्यांना भेटलो. ‘आता कशाला, शास्त्रीबुवा? पोरीचंच नाव खराब व्हायचं,’ ते म्हणाले, आणि मी परतलो. सोमवारचे मौन हे व्रत होते. मंगळवारपासून जे पाळले, त्याला मी आजवर नाव दिलेले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात उज्ज्वला अचानक आली. वसतिगृहामागच्या माळावर आता घरांच्या रांगा उठल्या आहेत आणि शहरात पुन्हा टँकर फिरत आहेत. दारातूनच म्हणाली, ‘आज सोमवार नाय ना, सर? कॅलेंडर बघून आले.’ तिघी मैत्रिणी मिळून त्याच घटनेवर एक थरारपट करत होत्या. त्यातल्या वृद्ध शिक्षकाचे काम मी करावे, असा तिचा आग्रह होता. शेवटी तो साक्ष देतो.

‘प्रत्यक्षात त्याने दिली नाही,’ मी म्हणालो.

‘म्हणून तर तुम्हीच पाहिजे. सर, ज्या पाटीवर “उद्या” लिहिलं, तिच्यावरच “पाहिलं” लिहिता आलं असतं की...’

इतकी साधी गोष्ट मला बारा वर्षांत सुचली नव्हती. विचार करून सांगतो, म्हणालो. ‘अजून इचारच व्हय?’ ती हसली. मग उंबऱ्यात थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, ‘आमच्या गल्लीत चार दिवसांपासून एक टँकर उभा असतो. नळाला पाणी असलेल्या गल्लीत टँकरचं काय काम, सर?’ त्यानंतर नवव्या दिवशी फरझानाचा तो फोन आला.

मृत्यूनंतरच्या जलदानविधीला मी तिच्या गावी गेलो. तिच्या आईने एक वही हाती ठेवली. ‘तुमच्यासाठी म्हनून वायली काढून ठेवली होती तिनं.’ चित्रपटाची संहिता होती. अक्षर ठसठशीत, शिरोरेषा सरळ, विसर्गाची टिंबेसुद्धा नेटकी. शेवटच्या पानावर लिहिले होते, ‘सर (स्वतःच्या शब्दांत)’, आणि खाली पान कोरे.

ते पान मी काल भरले. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. उरलेले चित्रण पूर्ण करण्यासाठी फरझाना येईल, तेव्हा तेच तिच्यासमोर बोलेन. उज्ज्वलेचे अक्षर वर आणि माझे खाली, असे ते पान आता आहे. त्यावर इतकेच लिहिले आहे:

त्या पहाटे तो लासूरला नव्हता. अध्यक्षांचा पुतण्या वसतिगृहाच्या पंपघरातून बाहेर पडताना मी स्वतः पाहिला.