पाणी आलं की सगळं बंद

"पाणी आलं! गिझर बंद, इस्त्री बंद, मिक्सर बंद!"

केशवापुरातल्या आमच्या घरमालकीण गिरिजाअक्का जिन्यात उभ्या राहून असं ओरडत. नळ आठवड्यातून एकदाच येई. अंगणातली टाकी लहान. ती भरली की मोटर लावून पाणी गच्चीवर चढवायचं, तोवर खालची पुन्हा भरते. वर आम्ही, खाली अक्का, आणि दोघांत मीटर एक. वायरिंग त्यांच्या यजमानांच्या काळातलं. मोटरबरोबर दुसरं काही मोठं लावलं की फ्यूज उडे. कुणी विसरलंच तर अक्का विचारत, "वीज काय तुझ्या सासऱ्याच्या घरून येते?"

अशा घरात मी एसी आणला. दुकानदाराने विचारलं, "मंजूर लोड किती?" मी ऐटीत म्हणालो, "भरपूर!" लोड कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं, पण बँकेतल्या अधिकाऱ्याने 'माहीत नाही' कसं म्हणायचं? बसवायला आलेल्याने लोड वाढवून घ्या, एसीला वेगळी लाइन ओढा, असं बजावलं. "आधी गार तर होऊ दे," मी म्हणालो. आणि फ्यूज उडू नये म्हणून त्यात चांगली जाड तार घातली. ही अक्कल सर्वस्वी माझी.

अक्कांनी एसी पाहिला. "बोळक्या तोंडात कवळी बसवल्यासारखा दिसतोय."

पुढच्या पाण्याच्या दिवशी दुपारी मी दारं-खिडक्या लावून गारव्यात लोळत होतो. अक्कांची हाक माझ्यापर्यंत पोचलीच नाही. खाली मोटर सुरू झाली. उडायचा तो फ्यूज माझ्या तारेमुळे उडाला नाही. मीटरच्या बोर्डातून धूर निघाला आणि घर गप्प झालं. धावत खाली आलो, तर टाकी काठोकाठ भरलेली आणि आठवड्याचं पाणी डोळ्यांदेखत गटाराकडे निघालेलं.

"अक्का, लाइनमनला फोन करतो..."

"साक्, साक्! पुरे झालं! फोन ठेव, बादली घे."

मी बादल्या गच्चीवर वाहू लागलो. अक्का खालून भरून देत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमचे साहेब. वर फार थंडी वाजत होती की हो, अंग गरम करताहेत." नळ गेला तेव्हा वरची टाकी निम्मीही भरली नव्हती. संध्याकाळी त्याच पाण्यातली एक बादली माझ्या दाराशी ठेवून म्हणाल्या, "आंघोळ कर. वास खालपर्यंत येतोय."

मग मुकाट्याने वायरिंग बदललं, लोड वाढवून घेतला. माझी ती तार अक्कांनी गल्लीभर दाखवली.

पुढे मी देशपांडे नगरात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आलेल्या अक्का देवाआधी बोर्डासमोर उभ्या राहिल्या. एसी, गिझर, ओव्हन, प्रत्येकाची लाइन वेगळी. नाव ठेवायला काही सापडेना, तसा त्यांचा चेहरा पडला.

"पाणी कधी येतं रे?"

"चोवीस तास, अक्का."

"आणि सगळं एकदम चालतं?"

"चालतं की."

त्यांनी शेजारच्या फ्लॅटच्या बंद दाराकडे पाहिलं. "मग तुम्ही लोक भांडता तरी कशावरून?"