उंदरांना शुगर झाली

संशोधनातून निष्कर्ष एकच निघतो, तोही निघाला तर. किस्से मात्र रोज निघतात आणि त्यांना कुठल्या कमिटीची परवानगी लागत नाही. केडगावजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी बोठे सरांच्या हाताखाली लागलो, तेव्हापासून माझ्याकडं असा बराच माल साठलाय.

सरांचा विषय गुडमार. रानातली वेल, शुगरवर गुणकारी म्हणतात. तिचं पान चावलं की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळतच नाही, साखर वाळूसारखी लागते. सर येईल त्याला आधी पान चारायचे, मग पेढा. सांगायचे काहीच नाहीत! एकदा औषध कंपनीचा एक माणूस पेढा तोंडात धरून पांढराफटक पडला, मास्क चढवला आणि थेट कोरोनाची टेस्ट करायला गेला. निगेटिव्ह आली, तरी बिचारा पुन्हा फिरकला नाही.

*

रोहिणी आमची एम.फार्म.ची विद्यार्थिनी. तिला उंदरांना गुडमारचा अर्क द्यायचा होता, पण त्याआधी इंजेक्शन देऊन त्यांना डायबेटिस करायचा होता. पहिल्या खेपेला उंदरांना काही म्हणता काही झालं नाही. चांगले टुणटुणीत! पोरगी रडकुंडीला आली. तिच्या आईनं मग गावच्या देवीला नवस बोलला, "पोरीच्या उंदरांना शुगर होऊ दे, खणानारळानं ओटी भरीन."

दुसऱ्या खेपेला झाली. आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन लॅबमध्ये हजर. प्राचार्यांनी विचारलं, "कशाचे पेढे?"

"उंदरांना शुगर झाली," माउली म्हणाली. प्राचार्यांनी दोन खाल्ले.

*

पारनेरकडच्या एका गावात सर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस समजावत होते. "लोखंडाला गंज चढतो ना, तसं शुगरनं शरीर आतून गंजतं. गुडमार तो गंज थांबवते का, ते आम्ही बघतोय."

पुढं बसलेले एक आजोबा बराच वेळ विचार करत होते. म्हणाले, "मंग तवर रेड ऑक्साइड मारलं तर चालंल का?"

परत येताना सरांनी भाषणातला गंज खोडून टाकला.

*

सरांना स्वतःलाच शुगर. एकदा त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचा, लॅबवर फोन आला, "उंदरांची उतरली म्हणे. यांची कधी उतरणार?"

सर तेव्हा जिलबी खात होते. मला हळूच म्हणाले, "सांग, मी कंट्रोल ग्रुपमध्ये आहे." म्हणजे ज्या उंदरांना औषधच देत नाहीत, तो गट. मी आपलं तसंच सांगितलं.

"मग पिंजऱ्यातच ठेवा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

आणि रोहिणीचा साखरपुडा. स्थळ देवळाली प्रवऱ्याचं, घरचं गुऱ्हाळ. मुलगा संदीप तिला मनापासून आवडला होता. लग्नानंतरही उंदीर सोडू नको, असं आपणहून म्हणणारा दुसरा कुठं मिळणार? त्याचे वडील शंकरराव नुसत्या जिभेवर गूळ ओळखणारे, पण शुगरवाले. हॉलवर आल्या आल्या त्यांनी सरांना गाठलं, "ते शुगरचं पान द्या की." सरांनी खिशातून मूठभर काढून दिली. सांगितलं काहीच नाही. शंकररावांनी दोन-चार तिथंच चावली, उरलेली खिशात टाकली.

टिळा झाला, तोंड गोड करायला साखर दिली. शंकरराव थुंकले. "वाळू हाय ही." मग स्वतः आणलेल्या ढेपेचा खडा फोडून खाल्ला. घरचा गूळ, तोही माती! "माझी जीभ गेली."

मागून त्यांची बहीण पुटपुटली, "पोरीचा पायगुन." रोहिणीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

रोहिणीनं धीर करून पानाचं सगळं सांगितलं. "मामा, थोड्या वेळानं येते चव." मग काय, सगळा हॉल शंकररावांच्या जिभेची वाट बघत बसला. भटजी घड्याळ बघून चिमूट चिमूट साखर त्यांच्या जिभेवर ठेवायचे.

"आली का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हन्लं ना."

"जपून हं, शुगर वाढेल," सर म्हणाले. त्यांना लोकांनी मागच्या रांगेत नेऊन बसवलं.

शेवटी बहीण उठली. "जीभ आल्याबिगर सोयरीक न्हाई. गाडी काढा." शंकररावही उठले.

तेवढ्यात संदीप पुढं आला. वडिलांच्या खिशातली उरलेली पानं त्यानं घेतली आणि सगळ्यांसमोर सावकाश चावून गिळली. मग रोहिणीपुढं हात केला. तिनं त्यावर चिमूटभर साखर ठेवली. ती तोंडात टाकून तो बराच वेळ घोळवत राहिला.

"लई गोड हाय," तो म्हणाला.