अकरा मिनिटांची जर्सी

माझ्या वडिलांची भारताच्या फुटबॉल संघातली कारकीर्द एकूण अकरा मिनिटांची. ती मी पाऊण तासात धुऊन टाकली.

बाबा भोपाळच्या कारखान्यात टर्नर आणि कारखान्याच्या टीमचे खंदे खेळाडू. तरुणपणी एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी त्यांची भारताच्या संघात राखीव म्हणून निवड झाली. शेवटी शेवटी कुणाचा तरी पाय मुरगळला आणि बाबा मैदानात उतरले. चेंडूला दोनदा पाय लागला, एकदा चिखलात आपटले. (दोनदा की तीनदा, यावर घरात मतभेद होते. आपटण्यावर नव्हते!) त्या दिवसाची निळी जर्सी आमच्या क्वार्टरमध्ये ट्रंकेत असायची. उजव्या कोपरावर तोच चिखल आणि कॉलरच्या आत कॅप्टनची शाईतली सही. तिला साबण लावायची आईलासुद्धा परवानगी नव्हती.

मी रिटायर झालो त्या वर्षी कलकत्त्याहून एका दासबाबूंचा फोन आला. देशाच्या संघाच्या जुन्या जर्सी जमवण्याचा त्यांना नाद. ते प्रदर्शन मांडणार होते. जर्सी खरी निघाली, तर ती काचेच्या कपाटात आणि खाली बाबांचं नाव! तोवर ते नाव रेशनकार्डापलीकडे कुठे गेलं नव्हतं.

"सुधीर, नाव मराठीतही लिहितील का रे?" बाबांनी मला दिवसातून चारदा विचारलं.

"लिहितील की! आपण सांगू ना!"

आता माझा रोग सांगतो. माझी सगळी नोकरी कारखान्याच्याच टाउनशिपच्या मेंटेनन्समध्ये झाली. दिल्लीहून साहेब पाहणीला येणार म्हटलं, की आम्ही झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासायचो. (एकदा घाईत झाडाखाली झोपलेल्या कुत्र्यालाही!) पाहणी आली की आधी रंगरंगोटी, हे माझ्या रक्तातच भिनलेलं.

दासबाबू येणार त्या सकाळी बाबा दाढी-कटिंगला आनंद नगरला गेले. मी ट्रंक उघडली.

"अहो, बाबांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? पाहुणा एवढ्या लांबून येतोय, त्याला मळकं कापड दाखवू?"

कुंपणापलीकडून तिवारीजींनी सल्ला दिला, "भैया, गुनगुने पानी में सोडा डालिए. चमक जाएगी!"

डाग जाईना. मग मलाही चेव आला! ब्रश घेतला, घासघास घासलं. डाग गेला. खांद्याला उसवलं होतं तिथे मशीन मारली. गच्चीवरच्या कडक उन्हात वाळवली आणि स्टार्च करून अशी इस्त्री केली, की जर्सी टेबलावर आपली आपण उभी राहील! मधे पाणी जरा निळसर झालं होतं. मला वाटलं, काय मळ निघतोय! ती कॅप्टनची सही होती.

बाबा घरी आले. नवे कपडे, गुळगुळीत दाढी.

"बाबा, डोळे मिटा! हां, आता उघडा!"

बाबांनी जर्सी हातात घेतली. कोपर पाहिलं. कॉलर उलटून पाहिली.

"छान निघालीय," ते म्हणाले.

अहो, त्यापेक्षा चप्पल फेकून मारली असती तर बरं झालं असतं!

दासबाबूंनी भिंग काढलं आणि पाच मिनिटांत खाली ठेवलं. "दादा, ये तो एकदम नया लगता है. न मिट्टी, न दस्तख़त. कैसे मानूँ कि उसी मैच की है?"

"मैंने धोया है, साहब!" मी ओरडलो. "अपने हाथ से! सब था, मिट्टी थी, साइन थी!"

"आपने?" दासबाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला मोरीत जाऊन बसावंसं वाटलं.

"लड़के ने बड़ी मेहनत की है," बाबा म्हणाले. "आप पोहे लीजिए." दासबाबूंनी पोहे खाल्ले आणि जर्सी न घेता गेले.

संध्याकाळी मी बाबांच्या पायाशी बसलो. "बाबा, चुकलो हो."

"अरे, चिखलच तो," बाबा म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले. ते वाक्य आठवलं की मला आजही लाज वाटते. चिखल नव्हता तो. त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता.

पुढच्या आठवड्यात बाबांनी स्वतःच जर्सीला काचेची फ्रेम करून आणली. खाली त्यांच्या अक्षरातली, अगदी मराठीतली चिठ्ठी: 'घातली: दत्तात्रय वामन, अकरा मिनिटे. धुतली: चि. सुधीर, पाऊण तास.'

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. फ्रेम अवधपुरीतल्या आमच्या हॉलमध्ये आहे. काचेवर बोटभर धूळ साचलीय. बायको रोज फडकं हातात देते आणि आळशी म्हणते. म्हणू दे! विचारायला बाबा नाहीत, आणि न विचारता पुसायची माझी हिंमत नाही.